सासीचा दुसरा पेला

२२ जानेवारी, संत व्हँसाँचा दिवस

खताच्या कंपनीनं माझ्या भावाला, एमेला, फुकट दिलेली डायरी त्यानं माझ्या गळ्यात मारली. "ताई, रोज लिहीत जा, डोकं शाबूत राहतं." माझं डोकं शाबूतच आहे. उभा जन्म मी या गावाची डोकी धुतली, कापली, रंगवली. कुणाचं शाबूत आहे आणि कुणाचं नाही, ते मला विचारा. पण कोरी पानं टाकून द्यायला जिवावर येतं, म्हणून बसलेय लिहीत.

आज द्राक्षवाल्यांच्या संताचा सण. माझ्या लहानपणी संताला खांदा द्यायला भांडणं व्हायची. आता गावात वेली राखून असलेले आम्ही तिघेच, त्यातल्या एकाची कंबर कामातून गेलेली. तेव्हा यंदा संत व्हँसाँ विटा वाहायच्या हातगाडीतून देवळात गेला. पाद्रीबुवांनी आभाळाकडे बघितलं. मला हसू आवरेना. एमेनं कोपर मारलं.

मग जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला हा माझा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, वरची बाग तोडून टाकू या."

संताच्या सणाला! जिभेला काही हाड?

बाग आजोबांनी लावलेली. द्राक्षाचं नाव सासी, आमच्या गावाचं नावही सासी. कुणी कुणाचं नाव घेतलं यावर विद्वान भांडतात, भांडू देत. बाबांनी जाताना ती दोघांच्या नावावर ठेवली, म्हणजे भांडणसुद्धा निम्मं-निम्मं वाटून दिलं. एमे गहूवाला. त्याला वेलीतलं ओ की ठो कळत नाही. राबते मी, वाईन करते मी, आणि तोडायची अक्कल हा शिकवणार.

हे सगळं सुरू झालं गेल्या आठवड्यात. छाटणी करताना चढावर बर्फावरून पाय सटकला आणि मी जरा आडवी झाले. एवढंच. शांतपणे आभाळ बघत पडले होते. एमे वर आला तेव्हा चेहरा पांढराफटक, थंडीच तशी होती. म्हटलं, आधी कात्री शोध, बाबांची आहे. कात्री राहिली बाजूला, त्यानं मलाच पोत्यासारखं उचललं आणि घरापर्यंत शिव्या घातल्या. एका कात्रीपायी माणूस किती चिडावा.

आता म्हणतो तिथे शार्दोनेची द्राक्षं लावू. शार्दोने! तेही दक्षिणेकडचं एक गावच आहे, आमच्याएवढंच असेल. पण त्यांच्या नावाच्या बाटल्या विमानात मिळतात आणि आमचं नाव पलीकडच्या खोऱ्यातल्या पोस्टमनला लिहिता येत नाही.

९ फेब्रुवारी

कोरिन आली होती. कोरिन आमची सरपंच. खरं तर अर्धीच, कारण गाव शेजारच्या मोठ्या गावात विलीन झाल्यापासून तिला सही करायला मिळते, ठरवायला काही मिळत नाही. चौदाव्या वर्षी हिच्या केसांना मी पहिला रंग लावला आणि तो हिरवा आला. अजून माझ्याकडे संशयानंच बघते.

"युगेतकाकू, यंदा मेळावा आपल्याकडे."

देशात सासी नावाची चार गावं आहेत. एक आमचं. एक शांपेनच्या मुलखात, तिथली माणसं श्रीमंत, बुडबुड्यांवर जगतात. आणि उत्तरेला दोन, मोठी सासी आणि छोटी सासी, एकमेकींच्या जावा असल्यासारख्या. दर उन्हाळ्यात यातलं एक गाव बाकीच्यांना जेवायला बोलावतं. शिवाय आडनाव सासी असलेली माणसंही येतात. त्यांना आमच्याशी काय घेणं, देव जाणे, पण जेवायला येतात.

"शांपेनवाल्यांनी गेल्या वर्षी शांपेन पाजली," कोरिन म्हणाली. "आपण काय पाजायचं? विहिरीचं पाणी?"

"सासी पाजू," मी म्हटलं. "माझ्याकडे पिंपभर आहे. सासी गावात, सासी नावाच्या माणसांना, सासी द्राक्षाची वाईन. दुसऱ्या कुठल्या सासीला जमणार आहे?"

कोरिननं एमेकडे बघितलं. एमे बाजूला माझ्या नळाचा वॉशर बदलत होता, त्यानं डोकं आणखी खाली घातलं. हे माझ्या ओळखीचं आहे. माझी वाईन आंबट आहे म्हणतात. आहेच. सासी आंबटच असते, ते तिचं चारित्र्य आहे. पण लोक म्हणतात तेवढी नाही. त्या वाईननं तांब्याची कढई घासली होती ती खाटकानं, एकदाच, तीही चेष्टेत.

"काकू, पाहुण्यांचे दात..."

"दात त्यांचे ते बघतील."

तेवढ्यात एमे नळाखालून बोलला. "चालेल. पण एक अट. पाहुण्यांनी पहिला पेला पिऊन दुसरा मागितला, तर बाग राहील. कायमची. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही मागितला तर नोव्हेंबरात ट्रॅक्टर लावतो."

"कबूल," मी म्हटलं. कोरिन साक्षीदार.

तो गेल्यावर तळघरात जाऊन पिंपातली थोडी चाखली. डोळ्यांत पाणी आलं. अभिमानानं.

११ एप्रिल

काल संध्याकाळपासून आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. म्हणजे दव गोठणार. शाब्लीकडचे बागवाले हिव रोखायला मेणाच्या बादल्या पेटवतात, धूर करतात, पंखे फिरवतात. माझ्याकडे काय, दोन मेणबत्त्या आणि एक संत. मी बेडवर पडून वेलींचे कोवळे डोळे, नुकते फुटलेले कोंब, जळताना मनातल्या मनात बघत राहिले. झोप कसली.

उजाडल्यावर काठी घेऊन वर गेले. अख्ख्या उतारावर पांढरं पसरलेलं, शेजारच्या बागेतले डोळे काळे पडलेले. आणि माझे? टवटवीत. हिरवेगार. मी चढावर उभी राहून मोठ्यानं रडले, मग आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं.

पण एक सांगायला हवं. बांधाच्या कडेनं कुणीतरी पेंढ्याचे गठ्ठेच्या गठ्ठे जाळले होते. ओला पेंढा, नुसता धूर झाला असणार. राखेचे ढीग, चिखलात जाड चाकांच्या खुणा, सगळा बांध तुडवलेला. ही शिकारी मंडळी! यांना शेकोटी करायला माझीच बाग सापडते. तडक कोरिनकडे गेले तक्रार करायला. ती म्हणाली, "काकू, पण बाग वाचली ना?" म्हटलं, "ती संत व्हँसाँनं वाचवली. शिकाऱ्यांचा काय संबंध?"

कोरिननं खोकल्याचं सोंग केलं. एमे दुपारी आला तेव्हा डोळे लालभडक, अंगाला धुराचा वास. म्हटलं, आंघोळ करत जा जरा. त्याला मी संताचं सांगितलं. म्हणाला, "त्यालाही आज धुराचा वास येत असेल." काहीतरी बरळतो.

१९ मे

बाटल्या भरल्या. एमे मदतीला आला, मी बोलावलं नव्हतं. त्यानं बूच मारायचं यंत्र घेतलं, मी नळी धरली. बरं चाललं होतं. मग विचारतो, "गुडघा कसा आहे?"

गुडघ्याची चौकशी म्हणजे काय, मला कळत नाही का? मी कधी चढायची थांबते त्याची वाट बघतोय.

"गुडघा तुझ्या डोक्यापेक्षा बरा आहे."

थोड्या वेळानं म्हणतो, "माझ्याकडची खालची खोली रिकामी आहे. ऊन येतं. जिना नाही. हिवाळ्यात तरी ये."

बाग हवी, आता घरपण हवं! मी गेले की माझं घर विकायला मोकळा. म्हटलं, "एमे, मी माझ्या घरातून आडवीच निघेन." त्यानं यंत्राची दांडी इतक्या जोरात दाबली की बाटली फुटली. मग झाडू आणून काचा गोळा केल्या, माझ्याकडे न बघता. रागीट आहे. बाबांवर गेलाय.

त्यानं लग्न का केलं नाही हे लोक मला विचारतात. मला काय माहीत? मी विधवा झाले तेव्हा त्याचं जवळजवळ ठरलं होतं. मग तो रोज माझ्याकडेच जेवायला यायला लागला, लाकडं फोडायला, नळ बघायला. पोरगी कंटाळली असेल. घुम्या माणसाचं असंच होतं.

३ जुलै

मेळाव्याची बैठक. मोठ्या सासीचं म्हणणं, मिरवणुकीत आम्ही पुढे, कारण आम्ही मोठे. छोट्या सासीचं म्हणणं, आम्ही पुढे, कारण मोठ्यांच्या मागे आम्ही फोटोत दिसत नाही. शांपेनवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष ओब्रियो फोनवर म्हणाले, आम्ही कुठेही चालू, पण बग्गीतून. कोरिननं कपाळाला हात लावला. मी सुचवलं, आडनावाच्या क्रमानं चालवा. सगळे सासी, घ्या! कोरिन हसली.

शेवटी ठरलं, संत व्हँसाँ सगळ्यांच्या पुढे, आणि संताची मूर्ती धरायचा मान मला. गावात सासी द्राक्ष राखणारी शेवटची म्हणून. आत्ता लोकांना किंमत कळली. मी म्हटलं, पण मी संताबरोबर देवळात अडकले तर पेल्यांकडे कोण बघणार? कोरिन म्हणाली, "एमेकाका बघतील." पैज त्याच्याशी, आणि पेले त्याच्याच हाती! पण मान सोडवेना.

२९ ऑगस्ट

सगळं लिहिते, तेही सरळ.

मिरवणूक छान झाली. संत जड. लाकडाचा असला तरी पोट भरलेला आहे. मोठी आणि छोटी सासी शेजारी-शेजारी चालल्या आणि दोघींनी एकमेकींचे झेंडे कोपरानं पाडले. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, कारण त्यांना प्रत्येक सासीचं कौतुक करायचं होतं. माझं लक्ष कुठे होतं? बाहेर पडायच्या दारावर.

बाहेर आले. चौकात झाडांखाली लांबलचक टेबलं मांडलेली, चीजचे फुगीर वडे, गुजेर, गरमागरम, सगळे हसतायत. आणि प्रत्येकाच्या हातात पेला. आणि प्रत्येक पेला जांभळा.

जांभळा!

माझी वाईन. वर्षभराची, कुणीही न मिसळलेली, गावाच्या नावाची माझी वाईन. आणि तिच्यात प्रत्येक पेल्याच्या तळाशी कासिस. काळ्या बेरींची ती गोडमिट्ट, चिकट दारू. आमच्या मुलखातल्या माणसाला पांढरी आंबट वाईन दिसली की हात आपोआप कासिसच्या बाटलीकडे जातो, लहानपणापासून जातो, बापाचा गेला, आजाचा गेला. टेबलामागे उभ्या गावकऱ्यांनी तेच केलं. कुणी विचार केला नाही, कुणी थांबलं नाही. खाटकाची बायको मला बघून हसून म्हणते, "काकू, ओतते हं तुम्हाला, कासिस जास्त का कमी?" बाईच्या डोळ्यांत पापाचा लवलेश नाही.

मी एमेला शोधलं. टेबलाच्या टोकाला उभा, बाही वर सारलेली, बोटं जांभळी.

"हे काय केलंस?"

"मी काही केलं नाही. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या. वाईन इकडे, कासिस तिकडे. बाकी गावाच्या हातांनी केलं." आणि मग खाली वाकून, कानाशी, "ताई, दुसरा मागतायत. तिसरासुद्धा. तो ओब्रियो चौथ्यावर आहे. तू जिंकलीस."

खरं होतं ते. मी डोळ्यांनी बघत होते. शांपेनचे अध्यक्ष पेला पुढे करत होते. छोट्या सासीच्या बायका तर टेबल सोडायला तयार नव्हत्या. सासी आडनावाचा एक म्हातारा, कोटाला फूल, लियोंहून आलेला, आडनावाआधी खानदानी 'द' लावणारा, तो म्हणाला, "मॅडम, अमृत! दुसरा पेला मिळेल का?"

मी उभी राहिले. मला सांग, डायरी, मी काय करायला हवं होतं? हसून गप्प बसायचं? हे सासीला प्यायले का? कासिसला प्यायले. माझी वाईन म्हणजे काय कासिस टिपायचं फडकं आहे?

मी तळघराच्या दारापाशी वेगळ्या ठेवलेल्या बाटल्या आणल्या. बेंचवर चढले, एमे खाली ओढत होता तरी. आणि ओरडले, "मंडळी, तुम्ही आत्ता काय प्यायलात ते विसरा! ही सासी आहे. नुसती. चाखा."

ओतली. नुसती, पांढरी.

ओब्रियोंनी घोट घेतला. चेहरा गोठला. मग सभ्यपणे म्हणाले, "ताजी आहे." वाईनवाले आंबट म्हणत नाहीत, ताजी म्हणतात. मोठ्या सासीच्या सरपंचांनी पेला खाली ठेवला, हळूच, मूल झोपलंय म्हणून पाळणा सोडावा तसा. लियोंच्या म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, "घराण्याला शोभेशी आहे." आणि पेला सरकवत सरकवत कासिसच्या बाटलीकडे नेला.

कुणीही दुसरा मागितला नाही. एकानंही.

"हरले," मी बेंचवरूनच म्हटलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी? अट होती दुसऱ्या पेल्याची. मी हरले. एमे, नोव्हेंबरात ट्रॅक्टर लाव."

"ताई, खाली उतर. आधीचे पेले धर की! शंभर वेळा मागितला असेल दुसरा!"

"त्यात कासिस होती."

"अटीत कुठे होतं कासिस चालणार नाही म्हणून?"

"मी चालवून घेणार नाही. बस्स."

एमेचा चेहरा बघण्यासारखा होता. जिंकला होता आणि तोंड असं की घरात मयत झालं. नाटकी माणूस.

३० ऑगस्ट

कोरिन उरलेल्या बाटल्या द्यायला आली. बोलता-बोलता म्हणाली, कासिसच्या पेट्या एमेनं जूनमध्येच दिजोंहून मागवून ठेवल्या होत्या. आणि संताचा मान मला द्यावा, ही सूचनाही त्याचीच.

म्हणजे सगळं आधीपासून ठरवून! मला देवळात कोंडायचं आणि इकडे माझ्या वाईनची वाट लावायची. सख्खा भाऊ. मी कोरिनला म्हटलं, "बघितलंस? बाग तोडायला किती टपलाय."

कोरिननं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "काकू, चौदाव्या वर्षी तुम्ही माझे केस हिरवे केलेत ना, तेव्हाही तुम्हाला तुमचीच खात्री होती." हा काय संबंध? मेळाव्याचा शीण आलाय तिला.

१७ सप्टेंबर

तोडणी. शेवटची. बाजूच्या बागा हिवात जळलेल्या, माझ्या वेलींवर घड मावत नव्हते. एमे क्रेट वाहत होता. आम्ही एक शब्द बोललो नाही, फक्त "इकडे", "तिकडे", "पायाखाली बघ". "पायाखाली बघ" तो पुन्हा-पुन्हा म्हणाला. चढावर तो सतत माझ्या खालच्या बाजूला उभा. मी म्हटलं, "सावलीत उभं राहायचंय तर झाड शोध." तरी हलला नाही.

वरच्या ओळीतला शेवटचा घड मी कापला आणि तिथेच बसले. आजोबांच्या हातचा वेल, खोड मांडीएवढं. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू आंबट का. तो नुसता दर वर्षी येत राहिला. मला फार वाईट वाटलं. इतकं की एमेसमोर नाक शिंकरावं लागलं.

"ताई, अजूनही सांगतो, अट सोड. तू जिंकलीस असं म्हण, मी मान्य करतो."

"भीक नको."

२७ नोव्हेंबर

सकाळपासून ट्रॅक्टरचा आवाज. मी खिडक्या लावल्या, रेडिओ मोठा केला. तरी ऐकू येत होतं, इंजिन जोर लावतं, थांबतं, पुन्हा जोर लावतं. प्रत्येक थांबण्याला एक वेल.

जेवणाच्या आधीच आवाज बंद झाला. एवढ्यात? आजोबांनी लावायला हिवाळेच्या हिवाळे घालवले आणि यानं अर्ध्या सकाळीत संपवली? उठले, कोट चढवला, काठी घेतली, वर गेले.

चढावरच्या ओळी गेल्या होत्या. नुसती उकरलेली माती, कडेला खोडांचा ढीग, मुळं वर. पण खाली, सपाटीवरच्या ओळी तशाच. तारा ताणलेल्या, काड्या शाबूत. एमे चाकाला टेकून उभा, वाफाळता श्वास.

"अर्धवट का सोडलीस? डिझेल संपलं?"

"काम झालं."

"हे झालं?"

"तू हरलीस ना? बेंचवर चढून ओरडलीस ना, गावादेखत?"

"हो. मग?"

"मग मी जिंकलो. किती तोडायची ते जिंकलेला ठरवणार. मी चढ तोडला. सपाटी राहील."

"पण का? तोडायची तर सगळी तोड. चढावरचे वेल जुने होते, एमे. आजोबांचे! तोडायचेच होते तर खालचे तोडायचे!"

आणि तो भडकला. एमे कधी ओरडत नाही, दाबतो, फोडतो, पण ओरडत नाही. ओरडला.

"जानेवारीत खालून मला तुझा निळा कोट दिसला बर्फात! हलत नव्हता! मी वर धावत आलो, आणि धावताना मला काय वाटत होतं माहितीये? आता हे सांगायचं कुणाला? घरी जाऊन सांगायला कुणी उरलंच नाही, ताई. आई नाही, बाबा नाहीत, तू सोडून मला माणूस नाही. मला तू त्या चढावर मेलेली सापडायला नको आहेस. आजोबांचे वेल गेले खड्ड्यात!"

मग त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

आयुष्यभर लोकांच्या डोक्याशी उभं राहून बोलले, कधी शब्द अडला नाही. आणि आता म्हटलं काय, "ट्रॅक्टरचं मागचं चाक बसलंय."

त्यानं वळून बघितलं. "हो. बसलंय."

"ये जेवायला. सूप आहे."

घरी येऊन तो हात धुवत होता तेवढ्यात मी स्वयंपाकघरात रडले. कढईकडे तोंड करून. त्याला वाटलं असेल वेलींसाठी. वेलींसाठीही होतंच. पण मुळात त्या कात्रीवरून तो चिडला नव्हता. ही गोष्ट मला कळायला जवळजवळ अख्खं वर्ष लागलं, आणि मी स्वतःला गावातली हुशार बाई समजते.

१२ डिसेंबर

छाटणी सुरू. एमेचा हट्ट, कात्री तो धरणार, मी खुर्ची टाकून सपाटीच्या टोकाला बसणार आणि सांगणार. गुडघ्यांवर घोंगडी. राणीसारखी बसवलीन मला, चिखलात.

गहूवाल्याचा हात तो! धरलीन कात्री अशी की मेंढी भादरतोय. मी ओरडले, "दोन डोळे ठेव! दोन! मोजता येतं ना?" तो म्हणाला, "ताई, गळा जाईल तुझा." म्हटलं, "गळा माझा, वेल माझा." तो म्हणाला, "निम्मा." दोघंही हसलो. रस्त्यानं जाणाऱ्या खाटकाच्या बायकोनं गाडी हळू केली, काय झालं म्हणून.

तिसऱ्या वेलावर त्यानं ठेवायची ती चांगली काडी कापली आणि टाकायची ती ठेवली. पाचव्यावरही तेच. सातव्यावर तर अख्खा फाटाच उडवलान. पुढच्या वर्षी त्या वेलांवर घड येणार नाहीत, आले तरी चार दाणे येतील. मी बघत होते. तो दर वेळी वळून माझ्याकडे बघायचा, बरोबर आहे का, म्हणून.

मी दर वेळी मान हलवून हो म्हटलं.